चाळीस शब्दांचं पोर्तुगीज

ओंगार या आयरिश उपनगरातल्या आमच्या घराच्या भिंती इतक्या पातळ होत्या, की खाली जेवणाच्या टेबलावर बसलेले बाबा ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणाला तरी "यू आर ऑन म्यूट" म्हणाले, की वरच्या खोलीत आबाजी दचकून आपल्या फोनवरची मालिका बंद करायचे. त्यांना वाटायचं, मुलगा आपल्यालाच दटावतोय. आबाजी म्हणजे बाबांचे वडील. अकोल्याहून तीन महिन्यांसाठी आले होते, नात बघायची, थंडी बघायची आणि परत जायचं, एवढाच बेत. मग विमानं बंद झाली आणि त्यांचा दुसरा हिवाळा आमच्याकडे उजाडला. त्यांचा व्हिसा केव्हाच संपला होता, पण सरकारने सगळ्यांचीच मुदत आपोआप वाढवली होती, त्यामुळे ते कागदोपत्री पाहुणे आणि प्रत्यक्षात कैदी होते. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते खिडकीशी उभे राहायचे. समोर आमच्यासारखंच घर, त्याच्या शेजारी तसंच घर, आणि त्या घराच्या खिडकीत आमच्यासारखंच कुणीतरी कप घेऊन उभं. "थो बी अडकला वाट्टे," असं म्हणून ते त्याला हात करायचे. तो आयरिश माणूसही न चुकता हात करायचा. वर्षभरात त्या दोघांचं याहून जास्त बोलणं झालं नाही.

मी सतरा वर्षांची होते. शाळेचं शेवटचं वर्ष, लीव्हिंग सर्टची परीक्षा, आणि शाळा म्हणजे लॅपटॉपवरचे पंचवीस काळे चौकोन. घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी होती. मी एकदा नकाशावर ते वर्तुळ काढून पाहिलं. त्यात दोन सुपरमार्केट होती, कालव्याचा काठ होता, आमची बंद शाळा होती आणि बाकी सगळी आमच्यासारखीच घरं होती. त्या वर्तुळात मी इतक्या वेळा फिरले, की कुठल्या घराचा कुत्रा किती वाजता भुंकतो हे मला पाठ झालं. आज लोक मला त्या दिवसांविषयी विचारतात तेव्हा त्यांना रोगाविषयी ऐकायचं असतं. मला आठवतो तो कंटाळा. अंगावर ओला स्वेटर चढवावा आणि तो काढायची परवानगी नसावी, तसा. आणि त्या कंटाळ्यात मी जे करून बसले, ते.

हे सगळं मी मराठीत लिहिते आहे याचं माझ्या मुलांना नवल वाटतं, कारण ती वाचणार नाहीत. मी आठ वर्षांची असताना आम्ही इथे आलो. घरी मराठी बोलायची सक्ती होती आणि मी हट्टाने इंग्रजीत उत्तरं द्यायचे. तरी हे प्रकरण इंग्रजीत लिहिता येणार नाही, कारण ती चूक मराठीत झाली. मराठी येत नसतं, तर ती माझ्या हातून झालीच नसती.

आई नागपूरला समाजकार्य शिकलेली. इथे आल्यावर तिने बरीच वर्षं सुपरमार्केटच्या गल्ल्यावर काढली आणि मग शहरातल्या एका लहानशा केंद्रात तिला अर्धवेळ काम मिळालं. परदेशातून आलेल्या कामगारांना मदत करणारं केंद्र. तिच्याकडे मुख्यत्वे ब्राझीलची आणि त्या बाजूची माणसं यायची. मांसाच्या कारखान्यात सुऱ्या चालवणारी, गोठे धुणारी, अळंबीच्या शेतावर तोडणीला असणारी. टाळेबंदी लागली तसं ते केंद्र आमच्या घरात शिरलं, वरच्या सगळ्यात लहान खोलीत. इस्त्रीचं टेबल हेच तिचं ऑफिसचं टेबल, आणि केंद्राचा फोन दिवसभर त्यावर थरथरत असायचा. आई मराठीत विचार करायची, इंग्रजीत बोलायची, आणि पलीकडे पाउलो नावाचा ब्राझिलियन विद्यार्थी ते पोर्तुगीजमध्ये सांगायचा. केंद्र चालवणारी नोरीन म्हणून एक साठीची आयरिश बाई होती. तिचा आवाज घोगरा, आणि काहीही बिघडलं की ती आधी "ग्रँड, ग्रँड", म्हणजे सगळं ठीक आहे, असं म्हणायची आणि मग कामाला लागायची.

मी दाराबाहेर जिन्यावर बसून अभ्यास करायचे, कारण घरात इंटरनेट तिथेच धड मिळायचं. त्यामुळे पाउलोचं बोलणं कानावर पडायचं. एके दिवशी कुणा बाईने फोनवर रडत रडत "शावी, शावी" म्हटलेलं मी ऐकलं, आणि पाउलोने भाषांतर करायच्या आधीच मी आत डोकं घालून सांगितलं, "आई, तिची चावी हरवली आहे." खरंच चावी हरवली होती. आई माझ्याकडे बघतच राहिली. आपल्या भाषेत शेकडो वर्षांपूर्वी येऊन बसलेले पोर्तुगीज शब्द मला असे घरबसल्या सापडायला लागले. साबणाला सबांव, पावाला पांव, मेजाला मेझा, बटाटा तर बटाटाच. मी यादी केली आणि स्वयंपाकघरातल्या प्रेसवर चिकटवली. प्रेस म्हणजे इथलं कपाट, आम्हीही तसंच म्हणायला लागलो होतो. आबाजी रोज त्या यादीसमोर उभे राहून मोठ्याने वाचायचे आणि म्हणायचे, "हे तं आपलीच भाषा बोलून राह्यले ना, बापा. मंग तुह्या मायले दुभाष्या कायले पाह्यजे?" पगार हा शब्दही त्यांचाच, हे मला पाउलोने सांगितलं. त्यांच्यात त्याचा अर्थ पैसे देणं, आणि बोलताना शेवटचा र ते गिळून टाकतात, तेव्हा ऐकू येतं नुसतं "पगा". मी यादीत तेही लिहिलं. यादी चाळीस शब्दांची झाली आणि मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले.

त्याच सुमाराला पाउलो आजारी पडला. त्याला तो रोग झाला होता आणि खोकल्याने त्याला एक वाक्यही पुरं करता येत नव्हतं. नोरीन दुसरा कुणी मिळतो का ते शोधत होती. आणि नेमका त्याच आठवड्यात, एका गुरुवारी, झिल्दाचा आवाज आला.

झिल्दा चाळिशीची असावी. उत्तरेकडच्या एका अळंबीच्या शेतावर तोडणीचं काम करायची. शेत म्हणजे अंधारे लांबलचक बोगदे, त्यांत फळ्यांवर फळ्या आणि त्यांच्यावर पांढरी अळंबी. अळंबी सण बघत नाही की आजार बघत नाही, ती सारखी वाढतच असते, त्यामुळे तोडणी थांबत नाही. झिल्दा नऊ बायकांबरोबर शेताच्याच एका घरात राहायची. तिने पाठवलेला पहिला निरोप लांबलचक होता. पाउलोने खोकत खोकत एवढंच सांगितलं, की घरात एक बाई तापाने फणफणली आहे, तरी मुकादम सगळ्यांना कामावर बोलावतोय, दोघींना जेवणाची चव लागत नाही, आणि झिल्दाचे कागद संपलेत म्हणून ती घाबरलीय. आबाजींच्या व्हिशासारखी तिच्या व्हिशाची मुदत वाढली नव्हती, कारण तो टाळेबंदीच्या आधीच संपला होता. नोरीन म्हणाली, आपण शेताच्या ऑफिसला फोन करू शकतो, पण तिचं नाव घ्यावं लागेल. म्हणून झिल्दाने हो म्हटल्याशिवाय काही करायचं नाही. आईने तिला तसं लिहून पाठवलं. पाउलोने ते कसंबसं टाइप करून दिलं होतं.

शुक्रवारी सकाळी झिल्दाचं उत्तर आलं. बोललेलंच, जेमतेम दहा सेकंदांचं. पाउलो फोन उचलत नव्हता. आईने ते ॲपमध्ये घालून बघितलं, तर ॲपने तिच्या खेडवळ बोलण्याचं काहीतरी भलतंच केलं, त्यात देवाचं नाव तेवढं खरं होतं. आई म्हणाली, पाउलो उठेपर्यंत थांबू. मी म्हटलं, दे इकडे. मी ते दोनदा ऐकलं. झिल्दा म्हणत होती, "अपागा तूदु." मग देवाचं नाव घेऊन पुन्हा, "अपागा तूदु." पागा म्हणजे पगार, आणि तूदु म्हणजे सगळं, ते तर "तूदु बें", सगळं ठीक, म्हणून ती माणसं दिवसातून शंभरदा म्हणायची. पुढचा तो बारीकसा "अ" मला ऐकू आला होता, पण तो मी हुंदका समजले.

"सगळा पगार द्यायला लावा म्हणतेय," मी सांगितलं. "देवाशपथ."

"नक्की?"

"हो."

"सायली, नक्की ना? हे खेळणं नाहीये."

"आई, नक्की."

तिने तिसऱ्यांदाही विचारलं आणि मी तिसऱ्यांदाही हो म्हटलं. मग मीच केंद्राच्या फोनवरून झिल्दाला अंगठा पाठवून दिला. आईने नोरीनला कळवलं, नोरीनने "ग्रँड" म्हणून शेताच्या ऑफिसला फोन केला, नाव घेतलं, आजारपणातल्या पगाराचं विचारलं आणि घरात आजारी माणूस असताना कामावर बोलावता येत नाही हेही ठणकावलं. त्या दुपारी आईने माझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी केली. मी घरातली तिसरी कमावती व्यक्ती असल्याच्या थाटात ती खाल्ली. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात तो हाच.

शनिवारी झिल्दा रस्त्यावर होती. शेतमालकाने तिला सांगितलं, घर शेताचं आहे, आणि आता तू शेताची नाहीस. तिने बसथांब्याचा फोटो पाठवला. त्यात एक बॅग होती, एक पिशवी होती आणि ओला रस्ता होता. नोरीनने सगळीकडे फोन केले, पण जिच्या घरात रोग आहे अशा बाईला चौदा दिवस कोण ठेवून घेणार? शेवटी आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी आबाजींकडे पाहिलं, कारण भीती त्यांच्या वयाची होती. आबाजी म्हणाले, "आनं तिले. म्या माह्या खोलीत राह्यतो. ते बी परदेशात, म्या बी परदेशात." आई कामाचं पत्र घेऊन गाडी काढून गेली. पाच किलोमीटरच्या बाहेर जायची मला परवानगी नव्हती, म्हणून मी मागे राहून माझी खोली रिकामी केली. आई परतली तेव्हा थंडीत गाडीच्या चारही काचा खाली होत्या आणि मागच्या सीटवर मास्क लावलेली, भिजलेली, लहानखुरी बाई बसली होती. तिने आमच्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. सरळ जिना चढून माझ्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

आता घरात पाच माणसं आणि पाच बंद दारं झाली. मी आईच्या त्या इस्त्रीच्या टेबलाच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपायचे आणि दिवसा गादी गुंडाळून द्यायचे. वरचं न्हाणीघर झिल्दाला दिलं होतं. जेवणाचं ताट दाराशी ठेवायचं काम माझं. ती माणसं भात आणि घेवडा खातात असं पाउलोने पूर्वी सांगितलं होतं, म्हणून आईने पहिल्या दिवशी राजमा आणि भात केला. ताट पुसल्यासारखं स्वच्छ होऊन परत आलं. दुसऱ्या दिवशी आबाजींच्या हुकमावरून वरण आणि ठेचाही गेला. ठेचा भाजताना धुराचा भोंगा वाजला, बाबांची मीटिंग थांबली, आणि आतून झिल्दा पहिल्यांदा हसल्याचा आवाज आला. मी ताट ठेवून दारावर टकटक करायचे, मागे सरकायचे, ती दार उघडायची आणि म्हणायची, "ओब्रिगादा, मेनिना." ओब्रिगादा म्हणजे धन्यवाद, मेनिना म्हणजे मुलगी. ती बोलायची तेव्हा डोळे बारीक करून माझ्याकडे प्रेमाने बघायची. मला वाटायचं, आपण हिला वाचवलं.

तिचा फोन सारखा वाजायचा आणि ती तोडायची. नेइजी नावाची कुणी बाई होती. झिल्दाने दार किलकिलं करून मला फोनवरचं नाव दाखवलं, मग स्वतःच्या तोंडाशी हात नेऊन बोटं चोचीसारखी उघडमीट केली, म्हणजे ही चहाड्या करते. मग ती नेइजी केंद्राच्या फोनवर रडायला लागली. आईला तिच्या रडण्याखेरीज काही समजेना. बायकांचं काहीतरी भांडण असेल, असं आम्ही धरून चाललो.

चौथ्या दिवशी दुपारी साडेचार वाजता, म्हणजे इथल्या हिवाळ्यात दिवेलागणीलाच, मी चहा घेऊन वर गेले. झिल्दाचं डोकं दुखत होतं. तिने दार बोटभर उघडलं, डोळ्यांवर हात धरला आणि पॅसेजमधल्या दिव्याकडे बोट करून म्हणाली, "मेनिना, अपागा अ लूस." मला समजलं नाही. तिने बोटाने बटण दाबल्याची खूण केली. "अपागा." मी बटण दाबलं. दिवा गेला. ती म्हणाली, "ओब्रिगादा," आणि दार लागलं.

मी बराच वेळ बटणावर हात ठेवून उभी होते. मग आई खाली गेली होती तेवढ्यात इस्त्रीच्या टेबलावरचा केंद्राचा फोन घेतला आणि तो दहा सेकंदांचा निरोप पुन्हा ऐकला. आता तो "अ" मला अगदी स्वच्छ ऐकू आला. ती म्हणत होती, सगळं पुसून टाका. देवासाठी, सगळं पुसून टाका. तिने हो म्हटलंच नव्हतं. तिला आपला पहिला निरोप पुसून हवा होता, आणि मी तिला अंगठा पाठवला होता. ती निर्धास्त झाली होती. आणि म्हणूनच तिच्या डोक्यात एकच बसलं होतं, की केंद्राने सगळं पुसलं, तेव्हा चहाडी नेइजीने केली.

मी तेव्हा काय केलं ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. मी तो निरोप पुसून टाकला. पहिलाही आणि दुसराही. तिने सांगितलेलं काम मी अखेर केलं, पण ते तिच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. मग हात धुतले आणि गणिताच्या तासाला जाऊन बसले.

त्यानंतरचे सहा दिवस मला जसे कोंडल्यासारखे गेले तसे टाळेबंदीच्या अख्ख्या वर्षात गेले नव्हते. पाच किलोमीटरचं वर्तुळ आता जिन्याच्या बारा पायऱ्यांचं झालं. खाली आई, वर झिल्दा, मधे ताट घेतलेली मी. ताट ठेवताना मी मान खाली घालायचे, आणि ती ते माझं लाजणं समजायची. एकदा तिने कागदावर फूल काढून दाराखालून सरकवलं. ते मी फाडलं आणि मग रडले. रोज ठरवायचे, आज सांगू. पण आई फोनवर असायची, बाबा मीटिंगमध्ये असायचे, आबाजींना तर काय सांगणार? ही सगळी कारणं खोटी होती, मला तेव्हाही कळत होतं. मला भीती होती ती आईच्या त्या तीन वेळच्या "नक्की?"ची.

दहाव्या दिवशी पाउलो उठला. आवाज बसलेला, तरी तो फोनवर आला. आईने फोन स्पीकरवर टाकून पॅसेजमध्ये खुर्चीवर ठेवला, झिल्दाने दार उघडून उंबऱ्याच्या आत बैठक मारली, मी जिन्यावर होते. झिल्दा दहा दिवसांचं साठलेलं बोलायला लागली. पाउलो सांगत होता, की नेइजी ही झिल्दाच्या मुलीची धर्ममाता. दोघी एकाच गावच्या, एकत्र आल्या, आणि झिल्दाची नऊ वर्षांची मुलगी तिकडे नेइजीच्या आईकडेच वाढते आहे. जिने मला रस्त्यावर काढलं तिच्या घरात मी माझी मुलगी ठेवणार नाही, असं झिल्दा म्हणत होती. तिने बहिणीला निरोप दिला होता. बहीण आज मुलीला तिथून उचलून सहाशे किलोमीटरवर आपल्या घरी नेणार होती. मुलगी रडतेय, जायला तयार नाही, पण नेणार. पाउलो पुढे म्हणाला, "ती म्हणते, मी तर तुम्हाला सगळं पुसायला सांगितलं होतं."

"नाही," आई गोंधळून म्हणाली. "तिने तर हो म्हटलं होतं. थांब, मी तुला तिचा निरोपच ऐकवते." तिने फोन उचलला आणि बोटाने वर खाली शोधत राहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"सायली, निरोप कुठे आहे?"

मी आपणहून बोलले, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी आधी म्हटलं, ॲपमधून आपोआप गेला असेल. मग झिल्दाने माझ्याकडे बघितलं, नेहमीसारखंच, डोळे बारीक करून, हिला काही त्रास होतोय का अशा काळजीने. ते मला सोसलं नाही. मला खात्रीने येणारे तीनच शब्द त्या वेळी सुचले.

"नेइजी नाउं," मी म्हटलं. नेइजी नाही. "एउ." मी.

बाकीचं मी इंग्रजीत सांगितलं आणि पाउलोने ते तिच्या भाषेत घातलं. पगार, पुसणं, तो अंगठा, नोरीनचा फोन, दिव्याचं बटण. माझा गुन्हा परक्या भाषेत माझ्याच समोर सांगितला जात होता आणि त्यातले काही शब्द मला ओळखता येत होते. सगळं संपल्यावर तिने पाउलोला एकच प्रश्न विचारला. त्याने तो मला विचारला, "दिवा बंद केलास तो दिवस कोणता?"

"मंगळवार," मी म्हटलं.

तिने बोटांवर मोजलं. मग ती जे बोलली ते पाउलोने हळूच सांगितलं. "ती म्हणते, शब्द चुकला, ते समजू शकतं. पण तू सहा दिवस मला जेवण आणून दिलंस. रोज दोनदा."

तिने दार लावून घेतलं. लगेच आतून तिचा आवाज आला, आधी बहिणीशी, घाईघाईने, वरच्या पट्टीत. मग नेइजी, नेइजी, नेइजी, आणि दोन बायकांचं रडणं, एक आमच्या घरात आणि एक फोनमध्ये. आबाजी दारातून डोकं काढून विचारत होते, "काहून रडून राह्यली थे? कोनं काय म्हनलं तिले?" मुलगी गेली नाही. बहीण निघालेली वाटेतून परत फिरली, हे पाउलोने संध्याकाळी कळवलं.

आई मला रागावली नाही. त्याच रात्री नोरीनला फोन करून तिने सगळं सांगितलं, माझं नाव न लपवता, आणि नोरीन पहिल्यांदाच ग्रँड म्हणाली नाही. मग आई स्वयंपाकघरात माझ्या समोर बसली. "मी तुला तीनदा विचारलं," ती म्हणाली, "कारण मला तू हो म्हणायला हवी होतीस. पाउलोसाठी थांबायचा मलाच कंटाळा आला होता. ते माझं. पण निरोप पुसलास, ते तुझं तुला." तिने उठून प्रेसवरची यादी काढली, नीट घडी केली आणि कचऱ्यात टाकली. मला ते बरंच वाटलं.

उरलेले चार दिवस ताट आईच न्यायची. मला कुणी मनाई केली नव्हती, पण मी पहिल्या दिवशी ताट घेऊन गेले तेव्हा झिल्दाने दार उघडलं नव्हतं. चौदावा दिवस संपला. नोरीनने ड्रोहेडा गावी एका ब्राझिलियन कुटुंबात तिच्यासाठी खोली बघितली होती आणि एका म्हाताऱ्या जोडप्याकडे घरकामही. तिच्या कागदांचं पुढे काय करायचं ते नोरीन बघणार होती, आणि नेइजीही त्या शेतावरून निघणार होती. झिल्दा बॅग घेऊन खाली उतरली. आईला तिने लांबूनच दोन्ही हात छातीशी धरून काहीतरी म्हटलं. आबाजींना वाकून नमस्कार केला, दारातून आमचा बघून शिकली असावी, आणि आबाजी, "सुखी राय, बाई," म्हणाले. बाहेर नोरीनची गाडी सुरूच होती.

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होते. मला वाटलं, ती तशीच जाईल, आणि मला तेच हवं होतं. ती दारापर्यंत गेली, बॅग खाली ठेवली आणि माझ्याकडे वळली. मास्क हनुवटीवर ओढला, म्हणजे मला तिचे ओठ दिसावेत.

"फाला," ती म्हणाली. बोल. "नाउं एंतेंजी."

मला समजलं नाही. मी नुसती मान हलवली, समजल्यासारखी. जन्मभराची खोड ती.

तिने बोट हलवून नाही म्हटलं. आईने पाउलोला फोन लावला, तो हसला नाही, त्याने एवढंच सांगितलं की तिने शिकवलंय ते वाक्य म्हण. मला समजलं नाही, असा त्याचा अर्थ होतो.

"नाउं एंतेंजी," मी म्हटलं.

तिने पुन्हा म्हणायला लावलं. माझा "नाउं" नाकातून येत नव्हता. तिने स्वतःच्या नाकाला बोट लावून दाखवलं आणि ती थांबून राहिली. बाहेर गाडीचा आवाज, आबाजींचा खोकला, बाबांच्या मीटिंगमध्ये कुणीतरी बोलत होतं. मी दुसऱ्यांदा म्हटलं. तिने मान हलवली, नाही. मी तिसऱ्यांदा म्हटलं.

"इसू," ती म्हणाली. असं. मग तिने मास्क वर ओढला आणि बॅग उचलली.